अमेरिकन टीव्ही, साल २००९ : मुंग्या गेल्या ते वर्ष

पाटीपेन्सिल

परवा आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, नेट गंडलं आणि आई म्हणाली "अगं तुझ्या तोंडावर मुंग्या आल्यात", तर आमची लेक घाबरून गाल पुसायला लागली. अकरा वर्षांची आहे, जन्म न्यू जर्सीतला, तिला टीव्हीवरच्या मुंग्या, म्हणजे सिग्नल कमी पडला की दिसणारे ते काळेपांढरे ठिपके, कुठून ठाऊक असणार. तिला समजावता समजावता मी २००९ पर्यंत पोचलो आणि म्हटलं याचा धागाच काढावा.

तेव्हा मी फिलाडेल्फियात एमएस करत होतो. एका एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरात वरची खोली भाड्याने होती, केबल नाही, आजींचं म्हणणं की टीव्हीला पैसे कसले द्यायचे तो हवेतून फुकट येतो. बेडरूममध्ये दोन लांब कांड्यांच्या अँटेनाचा जुना टीव्ही आणि स्वयंपाकघरात खिडकीत एक रेडिओ. या रेडिओची गंमत अशी की काटा एकदम डावीकडे, ८७.७ वर नेला की चॅनल सहाच्या बातम्या ऐकू यायच्या. टीव्हीच्या बातम्या, रेडिओवर! मला आधी वाटलं आजींनी काहीतरी जुगाड केलाय. नंतर कळलं की अॅनालॉगमध्ये चित्र एका लहरीवर आणि आवाज दुसऱ्या, तो आवाज एफएम पद्धतीचाच, आणि सहा नंबरच्या चॅनलचा आवाज नेमका ८७.७५ मेगाहर्ट्झवर पडतो म्हणजे एफएम बँडच्या उंबरठ्यावर. आजी संध्याकाळी बटाटे सोलत सहाच्या बातम्या "ऐकायच्या", हवामान आलं की तेवढं बघायला आत पळायच्या.

१२ जून २००९, शुक्रवार. त्या दिवशी अमेरिकेतली उरलेली सगळी मोठी स्टेशनं अॅनालॉग बंद करून डिजिटल झाली. संध्याकाळी मी खाली आलो तर आजी रेडिओच्या डोक्यावर चापट्या मारतायत. नुसती खरखर.

माझा प्रश्न असा आहे की २००९ म्हटलं की सगळे एनबीसी नेटवर्कच्या जे लेनो आणि कोनन ओब्रायन या विनोदी सूत्रसंचालकांचं भांडण काढतात, पण त्या वर्षातली टीव्हीची सगळ्यात मोठी घटना ही नव्हती का? एका दिवसात देशभरातले जुने टीव्ही मुके झाले आणि कुणाच्या फारसं लक्षातही राहिलं नाही. तुमच्या आठवणी टाका.

मिरचीचा_देठ

छान लिहिलंय, पण असहमत. डिजिटल वगैरे तांत्रिक बाब आहे हो, डबा लावला की झालं. लेनोचं प्रकरण म्हणजे साक्षात भाऊबंदकी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एनबीसीने २००४ मध्येच कबूल केलं होतं की पाच वर्षांनी 'टुनाइट शो' या रात्रीच्या विनोदी गप्पांच्या कार्यक्रमाची गादी लेनोकडून कोननकडे जाणार. २००९ उजाडलं, लेनो काही म्हातारा झालेला नाही, रेटिंगमध्ये पहिला, दुसऱ्या चॅनलवर गेला तर पंचाईत. मग एनबीसीने काय केलं, कोननला गादी दिली (१ जून) आणि लेनोला त्याच्याच आधी रात्री दहाचा तास दिला, सोमवार ते शुक्रवार रोज! म्हणजे थोरल्याने घर धाकट्याच्या नावावर केलं आणि स्वतः ओसरीवर खाट टाकून बसला, येणारा जाणारा पाहुणा आधी त्यालाच भेटणार.

पहिल्या दिवशी, १४ सप्टेंबरला पावणेदोन कोटींच्या आसपास लोकांनी बघितलं, कारण आदल्याच रात्री कान्ये वेस्टने एमटीव्हीच्या सोहळ्यात टेलर स्विफ्टच्या हातातला माइक काढून घेतला होता आणि तोच लेनोकडे आला. नंतर घसरगुंडी. जानेवारी २०१० मध्ये एनबीसी म्हणाली लेनो पुन्हा ११:३५ ला येईल, कोनन तू बारा वाजून पाच मिनिटांनी सुरू कर. कोनन म्हणाला बारानंतर 'टुनाइट' कसला, तो उद्या झाला, मी नाही करणार. २२ जानेवारीला शेवटचा भाग. आम्ही ऑफिसमधले चार देशी तेव्हा कोननच्या बाजूने इतके पेटलेलो की लंचला लेनोचं नाव काढणाऱ्याला डब्यातलं लोणचं मिळायचं नाही.

खवचट_काका

पुण्यातून वाचतोय. एक अडाणी प्रश्न. ओसरीवरच्या थोरल्याचं रेटिंग पडलं तर पडू द्यायचं की, कंपनीचाच चॅनल, कंपनीचाच माणूस, वर्षभर कळ काढायची. इतकी घाई कुणाला होती? आमच्याकडे तीच मालिका दोन-दोन हजार भाग सहन करतात लोक.

स्टेशनमास्तर

काका प्रश्न अजिबात अडाणी नाही, खरी मेख तिथेच आहे. मी तेव्हा मिडवेस्टातल्या एका लोकल स्टेशनात ट्रॅफिकला होतो (नाव सांगत नाही). ट्रॅफिक म्हणजे रस्त्यावरची नाही हो, कुठली जाहिरात किती वाजून किती सेकंदांनी लागणार याचं रोजचं वेळापत्रक लावणारा विभाग. आयडी त्यावरूनच.

अमेरिकेत एनबीसी हे झी मराठीसारखं दिल्ली-मुंबईहून थेट घरात येणारं चॅनल नाही. देशात दोनशेच्या वर टीव्ही मार्केटं आहेत, प्रत्येक गावाचं वेगळं स्टेशन, त्यातली मोजकी नेटवर्कच्या मालकीची आणि बाकीची कुणाकुणाच्या खासगी मालकीची, ती फक्त करार करून एनबीसीचे कार्यक्रम दाखवतात. त्यांना अॅफिलिएट म्हणतात. नेटवर्कने रात्री अकरापर्यंत कार्यक्रम द्यायचे, मग अर्धा तास स्टेशनच्या स्वतःच्या बातम्या, मग ११:३५ ला परत नेटवर्क. (आमच्याकडे सेंट्रल टाइम म्हणून सगळं तासभर आधी, लेनो नऊला आणि बातम्या दहाला.) त्या अर्ध्या तासातल्या जाहिरातींचे पैसे स्टेशनचे. स्टेशनची चूल मोठ्या प्रमाणावर त्यावर पेटते.

आणि लोक बातम्या का बघतात? निम्मे लोक आधीचा कार्यक्रम संपल्यावर रिमोट शोधायचा कंटाळा आला म्हणून बघतात! 'ईआर'सारखी मालिका शेवटच्या मिनिटाला पेशंटला टेबलावर ठेवायची, लोक खिळलेले, आणि त्या खिळलेल्या लोकांना आमचा अँकर आयता मिळायचा. 'ईआर' २ एप्रिल २००९ ला पंधरा वर्षांनी संपली. त्या जागी लेनो आला. विनोदी शोचं काय, माणूस सुरुवातीचे जोक ऐकतो, पाहुणा बोअर वाटला की दात घासायला जातो. बातम्यांना प्रेक्षकच पोचेना. आमच्याकडे ऑक्टोबरचे आकडे आले तेव्हा न्यूज डायरेक्टर तो कागद घडी घालून खिशात ठेवायचा, परत काढायचा, परत बघायचा.

बॉस्टनच्या डब्ल्यूएचडीएच या अॅफिलिएट स्टेशनने तर एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं की आम्ही लेनो दाखवणारच नाही, दहाला बातम्याच लावू. एनबीसी म्हणाली मग करार मोडला, आम्ही दुसरं स्टेशन बघतो, तेव्हा ते गप्प बसले. पण डिसेंबरपर्यंत देशभरातले अॅफिलिएट तेच बोलायला लागले, आणि एनबीसीला बॉस्टनला दम देता आला, सगळ्यांना एकदम कसा देणार? तेव्हा कोननला कोनन नडला नाही, लेनोही नडला नाही, अकराच्या लोकल बातम्या नडल्या.

आणि मंदी विसरू नका. लोकल टीव्हीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे गाड्यांचे डीलर. एप्रिलअखेर क्रायस्लर दिवाळखोरीत, १ जूनला जनरल मोटर्स. हो, तीच १ जून ज्या रात्री कोननचा पहिला भाग होता. सकाळी मी जाहिरातींचे स्लॉट रिकामे करत होतो आणि रात्री तो हसत होता. रिकाम्या जागेत आम्ही स्वतःच्याच बातम्यांची जाहिरात आणि "डिजिटलसाठी तयार आहात का" हे घालायचो, इतक्या वेळा की माझी बायको झोपेत म्हणायची.

मिरचीचा_देठ

स्टेशनमास्तर दंडवत. इतकी वर्षं मी उगाच लोणचं अडवून ठेवलं.

साबुदाणा_वडा

मला २००९ म्हटलं की फक्त 'गायडिंग लाइट' आठवते. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, इंग्रजी "थँक्यू" आणि "नो शुगर" एवढंच. मी ऑफिसला, बाळ झोपलेलं, त्या सोफ्यावर. संध्याकाळी आल्यावर मला रोज स्टोरी सांगायच्या. "ती पिवळ्या केसांची आहे ना, तिच्या नवऱ्याचं पहिलीवर मन आहे अजून. आणि तो म्हातारा पैसेवाला, त्याच्या पोटात काहीतरी वेगळंच आहे." मी एकदा सुट्टीच्या दिवशी सोबत बसून बघितली तर सगळं बरोबर! म्हटलं आई भाषा कळत नाही तर कळतं कसं, तर म्हणाल्या "कारस्थान कुठल्याही भाषेत दाराआडूनच ऐकतात गं."

ही मालिका १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झालेली, पंधरा मिनिटांची, १९५२ ला टीव्हीवर आली आणि १८ सप्टेंबर २००९ ला संपली. बहात्तर वर्षं. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबणवाली कंपनीच ती काढायची, सोप ऑपेरा हे नावच असल्या साबणवाल्यांच्या मालिकांवरून पडलं. शेवटी शेवटी पैसे वाचवायला स्टुडिओतले तीन भिंतींचे सेट कमी करून हातातले छोटे कॅमेरे घेऊन न्यू जर्सीतल्या पीपॅक गावात शूटिंग करायचे, खरी घरं, खरे रस्ते. आम्ही तिथून फार लांब राहत नव्हतो. एका रविवारी नवरा सासूबाईंना गाडीतून तिकडे घेऊन गेला, शूटिंग नव्हतंच, पण त्यांनी एक घर ओळखलं आणि गाडी थांबवायला लावून नुसतं बघत बसल्या. नवऱ्याला टेन्शन की कुणी पोलीस बोलावेल.

शेवटच्या भागाच्या वेळी त्या परत गेल्या होत्या, मी फोनवर सांगितलं. म्हणाल्या "लग्न झालं ना सगळ्यांचं? मग ठीक." डिसेंबरात सीबीएसने 'अॅज द वर्ल्ड टर्न्स'सुद्धा बंद करणार म्हणून जाहीर केलं, तीही १९५६ पासूनची. 'गायडिंग लाइट'च्या जागी काय आलं तर एक गेम शो. बक्षीस, पडदा, टाळ्या.

खवचट_काका

"कारस्थान कुठल्याही भाषेत दाराआडूनच ऐकतात" हे मी चोरणार आहे, सासूबाईंना सांगा.

अ_निवासी

त्या वर्षीचं देशी खातं राहिलं. २२ फेब्रुवारीला एबीसीवर ऑस्कर, 'स्लमडॉग'ला आठ, रहमानला दोन, आणि स्टेजवरून "मेरे पास माँ है". आम्ही डॅलसला एका अपार्टमेंटमध्ये पंधरा जण, गालिच्यावर, खाली राहणारा वर येऊन दार ठोकून गेला. आणि एप्रिलमध्ये 'हाउस'मधल्या काल पेनच्या पात्राने अचानक आत्महत्या केली, कसलीही पूर्वसूचना नाही, आम्ही हादरलो, दुसऱ्या दिवशी कळलं की गडी ओबामांच्या व्हाइट हाउसमध्ये नोकरीला चाललाय म्हणून मालिकेतून मारलाय. देशी मुलाने हॉलिवूड सोडून सरकारी नोकरी धरली, आमच्या वडिलांना केवढा आनंद.

बाकी मायकल जॅक्सन, ७ जुलैची श्रद्धांजली सभा, एकूणएक चॅनलवर तेच. त्यानंतर दहाच दिवसांनी वॉल्टर क्रॉन्काइट गेले, त्याबद्दल आमच्या पिढीला फार काही वाटलं नाही, खोटं कशाला बोला.

स्टेशनमास्तर

आमच्या स्टेशनात मात्र क्रॉन्काइट गेले तेव्हा जुना कॅमेरामन बाहेर जाऊन सिगारेट ओढून आला, सोडलेली होती त्याने. १९६२ ते ८१ सीबीएसच्या संध्याकाळच्या बातम्या. केनेडींच्या मृत्यूची बातमी सांगताना चष्मा काढतात ते दृश्य सगळ्यांनी पाहिलंच असेल.

आणि बलून कसा कुणी काढला नाही? १५ ऑक्टोबर, कोलोरॅडो, चंदेरी उडत्या तबकडीसारखा घरगुती फुगा आकाशात आणि आत सहा वर्षांचा मुलगा आहे म्हणून सगळी न्यूज चॅनलं तासन् तास लाइव्ह. फुगा उतरला, आत कुणी नाही. पोरगं घरीच पोटमाळ्यावर. रात्री सीएनएनवर मुलाखतीत पोरगंच बोलून गेलं की आम्ही हे शोसाठी केलं. आमची सगळी न्यूजरूम टीव्हीसमोर उभी होती, मीच एकटा जाहिराती कुठे घालू म्हणून ओरडत होतो.

खवचट_काका

आमच्याकडे २००६ मध्येच झालं होतं, हरयाणात बोअरवेलमध्ये पडलेलं पोर, दोन दिवस लाइव्ह. फरक एवढाच की ते खरंच आत होतं. आपण पुढे होतो म्हणायचं.

धुळेकर

पण मूळ मुद्दा राहिला. तो अॅनालॉग बंद करायचा घाट घातला कशाला? आणि गरिबांचं काय?

पाटीपेन्सिल

धुळेकर, सांगतो. अॅनालॉग चॅनल हवेत फार जागा खातं. तेवढ्याच जागेत डिजिटलची तीन-चार बसतात, म्हणून तर ६.१, ६.२ असे पॉइंटवाले नंबर आले. जुन्या ५२ ते ६९ नंबरच्या चॅनलांची जागा मोकळी करायची, थोडी पोलीस आणि फायर ब्रिगेडच्या रेडिओला द्यायची, बाकी मोबाइल कंपन्यांना विकायची. ते ७०० मेगाहर्ट्झचं लिलाव २००८ मध्येच होऊन गेलं होतं, एकोणीस अब्ज डॉलर्सच्या आसपास. पुढे व्हेरायझनचं फोर-जी त्याच जागेत सुरू झालं. म्हणजे आजींच्या टीव्हीची जागा आपल्या फोनला मिळाली म्हणा.

गरिबांसाठी सरकारने कुपनं काढली, प्रत्येक घराला चाळीस डॉलर्सची दोन, क्रेडिट कार्डासारखं प्लॅस्टिकचं कार्ड, ते दाखवून कन्व्हर्टर डबा घ्यायचा. मूळ तारीख होती १७ फेब्रुवारी. जानेवारीत कुपनांचे पैसेच संपले, लाखो घरं यादीत ताटकळत, मग ओबामा सरकारने आल्या आल्या कायदा करून तारीख १२ जूनवर नेली. तरी चारशेच्या वर स्टेशनं फेब्रुवारीतच बंद करून मोकळी झाली, दोन-दोन ट्रान्समिटरचं वीजबिल कोण भरणार.

आमचं कुपन आलं होतं! मी फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवलं. त्याची मुदत नव्वद दिवस. मी थीसिसमध्ये बुडालेलो, एक्याण्णवाव्या का बाण्णवाव्या दिवशी दुकानात गेलो. मुलगी म्हणाली सॉरी. डबा माझ्या खिशातून आणला, आजींना सांगितलं कुपनवर मिळाला.

खरा गाढवपणा पुढे. दुकानात "डिजिटल अँटेना" अशी पाटी लावलेली चपटी वस्तू होती, म्हटलं नवा डबा तर नवी अँटेना, तीही घेतली आणि आजींच्या लांब कांड्या कचऱ्यात टाकल्या. १२ तारखेला रात्री डबा लावला, स्कॅन केलं, ३ लख्ख, १० लख्ख, असं चित्र आजींनी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि सहा नाही. मुंग्या पण नाहीत. अॅनालॉगमध्ये निदान मुंग्यांतून माणसाची सावली दिसायची, कांडी जरा फिरवली, हात लावून उभं राहिलं की यायचं. डिजिटलमध्ये आहे तर आहे, नाही तर काळा पडदा, भांडायला कुणी समोरच नाही. आजी काही बोलल्या नाहीत. "द वेदर वॉज ऑन सिक्स" एवढंच.

स्टेशनमास्तर

फिलीचं सहा हे तेव्हाचं प्रसिद्ध उदाहरण. बहुतेक स्टेशनं डिजिटलला यूएचएफवर, म्हणजे आखूड लहरींच्या वरच्या चॅनलांवर गेली, फक्त पडद्यावर नंबर जुना दाखवतात. तुमचा ३ खरं म्हणजे २६ वर होता. पण डब्ल्यूपीव्हीआय, म्हणजे तुमचं सहा, मात्र खरोखरच्या सहावर, लांब लहरींच्या लो व्हीएचएफवर राहिलं. त्यांच्याकडे तक्रारींचा पाऊस पडला आणि मग एफसीसीने (प्रसारणावर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं) पॉवर वाढवायला परवानगी दिली. शिकागोच्या सातचंही तसंच झालं. लहर लांब तर अँटेना लांब हवी. तुमच्या त्या चपट्या वस्तूने सहा पकडणं म्हणजे चहाच्या गाळणीने मासे धरणं. "डिजिटल अँटेना" असं काही नसतंच मुळी, अँटेनाला फक्त लहरीची लांबी कळते.

पाटीपेन्सिल

बरोबर. मंगळवारी कचऱ्याची गाडी यायची. सोमवारी रात्री मी टॉर्च घेऊन पिंप उपसलं. एक कांडी वाकली होती, ती तशीच लावली, परत स्कॅन केलं. सहा आलं. रेडिओ मात्र गेला तो गेलाच. आजी नंतर बटाटे घेऊन बेडरूममध्येच बसायला लागल्या.

साबुदाणा_वडा

ई गं. वाचून डोळ्यात पाणी आलं, पिंपाचं नाही, बटाट्यांचं.

धुळेकर

मुंबईत ऑक्टोबर २०१२ ला केबलचं अॅनालॉग बंद झालं तेव्हा आमच्या मामांनी केबलवाल्याला सांगितलं मला डबा नको, मुंग्या चालतील. अवांतर झालं. लेनोपेक्षा आता मला पण कांड्याच मोठ्या वाटायला लागल्यात.

मिरचीचा_देठ

मी माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. अर्धाच. बाकी ३ डिसेंबरला कॉमकास्टने एनबीसी युनिव्हर्सल घ्यायचा करार जाहीर केला, तो याच वर्षातला. केबलवाल्याने चॅनलच घेतलं, हे पण कुणी काढलं नाही.

अ_निवासी

ते काढलं तर धागा पाचशेवर जाईल. मला एक प्रॅक्टिकल सांगा, आम्ही गेल्या महिन्यात फिलीच्या उपनगरात घर घेतलंय, स्ट्रीमिंगची बिलं बघून बायको म्हणते अँटेना लाव. सहा येईल का? कुठली घेऊ?

स्टेशनमास्तर

सहा अजूनही सहावरच आहे. चपटी, काचेला चिकटवायची घेऊ नका. कांड्यांची घ्या, दोन्ही कांड्या आडव्या करून पूर्ण ओढायच्या, एकेक जवळजवळ तीन फूट भरली पाहिजे. वरच्या मजल्यावर ठेवा. मग रीस्कॅन.

पाटीपेन्सिल

आणि जुनी टाकू नका, आधी नवीवर सहा बघा.